बहिऱ्या रुग्णाचा दुभाषी कोण असावा? त्यांचेच म्हणणे ऐकू या



मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांवरचे लेख तुम्ही इथे नेहमी वाचता. आज कोणत्याही एका आजाराबद्दल लिहीत नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातल्या बोलण्याबद्दल लिहितो आहे. निदानाचा मोठा भाग या बोलण्यावरच उभा असतो. दुखते कुठे, कधीपासून, कशाने वाढते, कुठे पसरते, हे रुग्णाने सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही. रक्त तपासणी आणि सोनोग्राफी त्यानंतर येते.

आता ज्याला ऐकू येत नाही, त्याने हे कसे सांगायचे? मध्ये कोणीतरी लागते. ते कोण असावे? घरचा माणूस? सांकेतिक भाषा शिकलेला, ऐकू येणारा दुभाषी? की स्वतः बहिरा असलेला दुभाषी?

"बहिरा माणूस दुभाषी कसा होईल?" असे तुमच्या मनात आलेच असेल. ते पुढे नीट सांगतो.

आधी एक शब्दाचा खुलासा. आमच्या बार्शीटाकळीत आणि आसपासच्या खेड्यांत ऐकू न येणाऱ्याला सरसकट "मुका" म्हणतात. बऱ्याचदा तेच त्याचे नाव होऊन बसते. सरकारी कागदावर "मूकबधिर" असायचे, आता "कर्णबधिर" किंवा "श्रवण दिव्यांग" लिहितात. मी ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांना "मुका" हा शब्द आवडत नाही. त्यांचा गळा शाबूत असतो आणि हातांची भाषाही असते. "बहिरा" म्हटलेले त्यांना चालते, कारण ते खरे आहे. म्हणून या लेखात मी तोच शब्द वापरतो.

लिहून दाखवले तर चालत नाही का?

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. जो जन्मापासून बहिरा आहे, त्याने मराठी कधी ऐकलेलीच नसते. तुम्ही-आम्ही शाळेत जाण्यापूर्वीच मराठी बोलतो, मग अक्षरे शिकतो. त्याला अक्षरे आणि भाषा दोन्ही एकदमच शिकावी लागतात. काही जण उत्तम लिहितात-वाचतात, अनेकांना मात्र "उपाशीपोटी", "दिवसाआड", "गरज पडल्यास" असे शब्द चिठ्ठीवर वाचून कळत नाहीत. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. मला कोणी कन्नडमध्ये चिठ्ठी लिहून दिली तर माझी जी गत होईल, तीच त्यांची होते.

ओठ वाचून कळेल का? घरी आरशासमोर उभे राहून आवाज न करता "पोळी", "बोळी", "मोळी" म्हणून पाहा. ओठ सारखेच हलतात. "क", "ग", "ह" तर घशात होतात, ओठांवर दिसतच नाहीत. ओठ वाचणारा माणूस थोडे पाहून बाकीचे अंदाजाने भरत असतो. बाजारात हे चालून जाते. औषधाच्या डोसात अंदाज चालत नाही.

ज्यांना सांकेतिक भाषा येते, त्यांच्यासाठी तीच पूर्ण भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द आणि नकार त्यात सहसा वाक्याच्या शेवटी येतो. भुवया, गाल, मान यांच्या हालचालीही व्याकरणाचा भाग असतात. एक सहज प्रश्न आणि एक साधे विधान यांत हात तसेच राहतात, फक्त चेहरा बदलतो. मदन वशिष्ठ हे स्वतः बहिरे असलेले अभ्यासक अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगलोर इथल्या बहिऱ्या लोकांच्या खुणा नोंदवत फिरले. शहरागणिक काही शब्द वेगळे निघाले, पण भाषा एकच म्हणावी इतके साम्य दिसले.

ही भाषा बहिऱ्या मुलांना बहुधा वर्गात मिळाली नाही. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिथे शाळांतून हातांची भाषा काढून टाकून बोलायला शिकवावे, असा ठराव झाला. त्याचा परिणाम जगभरच्या शाळांवर शंभर वर्षे राहिला. आपल्याकडेही अनेक शाळांत बोलायला शिकवण्यावरच भर होता. मुले मात्र वसतिगृहात संध्याकाळी एकमेकांकडून हातांनी बोलायला शिकत. म्हणजे ही भाषा बहिऱ्यांनीच सांभाळली. पुढचा सगळा वाद समजायला हे लक्षात असू द्या.

घरचा माणूस

माझ्या ओपीडीत बहिरा रुग्ण जवळजवळ कधीच एकटा येत नाही. सोबतचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "मुका हाय साहेब, मलेच विचारा."

घरच्या माणसाचे प्रेम खरे असते, यात शंका नाही. पण त्याच्याकडे हातांचे शब्द किती असतात? जेवण, पाणी, दुखते, पैसे, चल, झोप. घर चालवायला तेवढे पुरतात, एखादा निर्णय समजावून सांगायला पुरत नाहीत.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिशीच्या आतली एक बहिरी बाई सासूबाईंबरोबर आली. कधी शाळेत न गेलेली. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनआधी रक्तदाब आणि एकूण प्रकृती तपासून घ्यायची होती. मी विचारले, कशाचे ऑपरेशन आहे हे हिला माहीत आहे का? सासूबाई म्हणाल्या, "तिले सगळं समजावून सांगतलं जी. तयार हाय ते." आणि त्यांनी सुनेकडे वळून पोटावर हात फिरवला, मग हाताने "छान होईल" अशी खूण केली. सुनेने मान हलवली.

मी त्यांना थोडे थांबायला सांगितले. आमच्या गावातल्या एका बहिऱ्या शिंप्याची बायको, तीही बहिरी, वसतिगृहाच्या शाळेत शिकलेली. तिला बोलावले. दुसऱ्या शहरातल्या एका प्रशिक्षित दुभाषी ताईंना मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. त्यांना ऐकू येते. मी मराठीत बोलायचो, ताई ते सांकेतिक भाषेत सांगायच्या, आणि शिंपीणबाई तेच त्या सुनेला तिच्या घरगुती खुणांत, अभिनयाने, कागदावर चित्र काढून दाखवायच्या. उत्तर याच वाटेने उलटे यायचे. सगळ्याला चाळीस मिनिटे लागली. दोनदा नेटवर्क गेले.

काय निघाले? पाळीच्या वेळी पोटात दुखते, ते या ऑपरेशनने थांबेल, अशी तिची समजूत होती. यानंतर मूल होणार नाही, हे तिला माहीतच नव्हते. ते कळल्यावर तिने एका मागोमाग तीन प्रश्न विचारले. नंतर पुन्हा मूल होऊ शकते का, हा पहिला. नवऱ्याला हे माहीत आहे का, हा दुसरा. दुखण्याचे मग काय, हा तिसरा.

तिने पुढे काय ठरवले ते मी इथे लिहिणार नाही, तो तिचा खाजगी प्रश्न आहे. सासूबाईंचा हेतू वाईट नव्हता. त्या शेवटी म्हणाल्या, "मले काय मालूम जी, एवढं सांगा लागते म्हून." त्यांच्या हातांत ते शब्दच नव्हते. पण नसबंदीची संमती त्या व्यक्तीने स्वतः, तिला समजणाऱ्या भाषेत ऐकून द्यायची असते, असा सरकारी नियमच आहे. नुसत्या मान हलवण्याला संमती म्हणता येत नाही.

मुलांच्या बाबतीत तर हे आणखी अवघड होते. बहिऱ्या आई-वडिलांची ऐकणारी मुले लहानपणापासून दोन्ही भाषा बोलतात. "खामोशी" हा १९९६ सालचा चित्रपट तुम्ही पाहिला असेल, गोव्यातल्या बहिऱ्या जोडप्याची ऐकणारी मुलगी त्यात आहे. अशी मुले दुभाषी म्हणून फार तरबेज असतात. पण अकरा वर्षांच्या मुलीने वडिलांना "तुम्हाला कॅन्सर असू शकतो" हे सांगायचे? किंवा आईच्या पाळीच्या तक्रारी पुरुष डॉक्टरला सांगायच्या? भाषा येते म्हणून ते ओझे तिच्या अंगावर टाकू नये.

ऐकणारा दुभाषी: बहिरे लोक काय म्हणतात

गेली काही वर्षे मी माझ्याकडे येणाऱ्या बहिऱ्या रुग्णांना, आणि त्यांच्या ओळखीने अकोल्यात भेटलेल्या त्यांच्या मित्रांना हा प्रश्न विचारत आलो आहे. काहींनी मोबाइलवर टाइप करून उत्तर दिले, काहींशी दुभाष्यामार्फत बोललो. हा शास्त्रीय अभ्यास नव्हे, मोजक्या लोकांची मते आहेत. पण ती ऐकण्यासारखी आहेत आणि ती सगळी एकसारखी नाहीत.

ऐकणाऱ्या दुभाष्याची बाजू घेणारे म्हणतात: तो बाहेर पुकारलेले नाव ऐकतो, फोन उचलतो, डॉक्टर आणि सिस्टर आपसांत काय बोलल्या तेही सांगतो. त्याला डॉक्टरचे मराठी आणि इंग्रजी दोन्ही कळते. काम लवकर होते. आणि एकाने जरा कडवटपणे लिहिले, की ऐकणारा माणूस सोबत असला की काउंटरवरचे लोक आम्हाला माणसात घेतात.

तक्रारींत पहिली अशी, की अनेक दुभाषी मराठी किंवा हिंदी वाक्य शब्दाला शब्द ठेवून हातांनी करतात. चेहरा कोराच राहतो. डॉक्टर म्हणतात, "शुगर वाढली आहे." दुभाषी चहातल्या साखरेची खूण करून "वाढली" दाखवतो. बहिऱ्या माणसाला वाटते, चहात साखर जास्त पडते आहे. रक्त, बोटाला टोचणे, रक्तातली साखर, वर चढलेली पातळी, असे चित्र उभे केले तर कळते. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला" हे "चांगला आला" असे पोहोचले, तर काय होईल ते तुम्हीच विचार करा.

दुसरी तक्रार मला नवीन होती. शिंपीदादांनी सांगितले, "त्याचे हात मला कळतात. माझे हात त्याला कळत नाहीत. मग तो अंदाजाने बोलतो. तो माझ्या नावाने काय बोलला हे मला ऐकू येत नाही." मोठेपणी शिकलेल्या कोणत्याही भाषेत आपले बोलणे जमते, पण समोरच्याचे भरभर बोलणे पकडणे जड जाते. दुभाष्याने चुकीचे सांगितले तरी डॉक्टरला संशय येत नाही, आणि रुग्णाला पडताळता येत नाही.

तिसरी तक्रार वागण्याची आहे. दुभाषी डॉक्टरशीच गप्पा मारत बसतो आणि शेवटी एका वाक्यात सांगतो, "काही नाही, गोळ्या घे." किंवा स्वतःच सल्ला देतो.

बहिरा दुभाषी म्हणजे काय?

आता त्या प्रश्नाकडे येऊ. बहिरा दुभाषी बहुधा एकटा काम करत नाही. वर सांगितलेल्या प्रसंगासारखी साखळी असते. ऐकणारा दुभाषी डॉक्टरचे बोलणे सांकेतिक भाषेत आणतो. बहिरा दुभाषी ते पाहतो आणि समोरच्या बहिऱ्या रुग्णाला त्याच्या वयाला, शिक्षणाला, गावाला जुळेल अशा पद्धतीने पोहोचवतो. टीव्हीवर तर मजकूर आधीच लिहिलेला असतो, तो पडद्यावर वाचून बहिरा निवेदक थेट सांकेतिक भाषेत सांगू शकतो. ब्रिटनमध्ये असे बहिरे निवेदक टीव्हीवर दिसतात. अमेरिकेत बहिऱ्या दुभाष्यांसाठी वेगळे प्रमाणपत्रही आहे.

याचा सर्वांत जास्त उपयोग कोणाला? ज्यांना कोणतीच सांकेतिक भाषा शिकायला मिळाली नाही त्यांना. आपल्या खेड्यांत असे खूप लोक आहेत. शेतात राबणारे, शाळा न पाहिलेले. त्यांच्या खुणा घरापुरत्या असतात, कोणत्याही शब्दकोशात सापडत नाहीत. ज्याने स्वतः आयुष्यभर ऐकणाऱ्या जगात हातवाऱ्यांनी वाट काढली आहे, त्याला त्या खुणांतला अर्थ लवकर सापडतो.

गीताची गोष्ट तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. लहानपणी पाकिस्तानात पोहोचलेली, ऐकू-बोलू न शकणारी मुलगी. कराचीच्या ईधी फाउंडेशनने तिला सांभाळले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ती भारतात परतली. तिचे गाव कोणते, आई-वडील कोण, हे सगळे तिच्या खुणांतूनच शोधायचे होते. सुरुवातीला जे कुटुंब तिचे वाटले ते तिचे निघाले नाही. कित्येक कुटुंबांनी दावे केले. अखेर २०२१ मध्ये तिची आई परभणी जिल्ह्यात सापडल्याच्या बातम्या आल्या. आमच्या बार्शीटाकळी स्टेशनवरून पूर्णेकडे जाणारी गाडी त्याच परभणी जिल्ह्यात जाते. म्हणजे आपल्याच भाषेच्या मुलखातली मुलगी, आणि तिचे "माझे घर इथे आहे" हे एक वाक्य समजायला भारतात आल्यावरही पाच वर्षांहून अधिक काळ गेला. मनात आहे ते सांगता येणे आणि समोरच्याला ते कळणे, यांत किती अंतर असू शकते ते यावरून लक्षात येईल.

बहिऱ्या दुभाष्याबद्दल माझ्या रुग्णांनी काय सांगितले? "त्याला पाहिले की खांदे सैल होतात," असे एका मुलीने टाइप केले. न कळलेले "पुन्हा सांग" म्हणायला लाज वाटत नाही. ऐकणाऱ्यापुढे मात्र कळले नाही तरी मान हलवली जाते.

पण यालाही दुसरी बाजू आहे, आणि तीही बहिऱ्यांनीच सांगितली. जिल्ह्यातले बहिरे लोक एकमेकांना ओळखतात. त्याच शाळेत शिकलेले, त्याच लग्नांना जाणारे. "माझा आजार उद्या सगळ्या ग्रुपवर गेला तर?" ही भीती खरी आहे. एकीने स्पष्ट सांगितले, की गुप्तरोग किंवा गर्भपाताचा विषय असेल तर मला दूरच्या शहरातला, अनोळखी, ऐकणारा दुभाषी बरा. दुसऱ्याने लिहिले, की नुसता बहिरा आहे म्हणून कोणी दुभाषी होत नाही, त्यालाही प्रशिक्षण हवे, नाहीतर तोही स्वतःचेच सांगत बसतो. आणि दोन माणसे लागतात म्हणजे वेळ आणि पैसा दुप्पट, हेही आहेच.

जवळचा हवा, पण गुंतलेला नको

ही मते वरवर उलटसुलट वाटतात. मला त्यांतला धागा एका न्यायनिवाड्यात सापडला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहिऱ्या साक्षीदाराच्या दुभाष्याविषयी सांगितले, की तो साक्षीदाराच्याच परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा स्वार्थ नसावा, आणि त्याला शपथ द्यावी.

दवाखान्यातही हेच लागू पडते. घरचा माणूस जवळचा असतो, पण गुंतलेला असतो. शहरातून आलेला शिकाऊ दुभाषी गुंतलेला नसतो, पण रुग्णाच्या भाषेपासून दूर असतो. बहिरा दुभाषी भाषेने जवळचा असतो, पण छोट्या समाजात तो ओळखीचा निघू शकतो, म्हणून त्याला गुप्ततेची शपथ आणि शिस्त लागते. कोणत्या वेळी यांतले काय जास्त महत्त्वाचे, हे आजारावर आणि माणसावर अवलंबून आहे. ते ठरवण्याचा हक्क रुग्णाचा. मी विचारलेल्या सगळ्यांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते: आम्हाला कोण हवे, हे आजवर कोणी विचारलेच नाही.

दुभाषी चांगला की वाईट, याची पारखही ऐकणाऱ्यांना जमत नाही. १० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्गला नेल्सन मंडेला यांच्या श्रद्धांजली सभेत जगभरच्या नेत्यांच्या शेजारी उभा राहून एक माणूस हातवारे करत होता. स्टेडियममधल्या हजारो लोकांना तो दुभाषीच वाटला. टीव्हीसमोर बसलेल्या बहिऱ्या लोकांनी लगेच ओळखले, की हे निरर्थक हातवारे आहेत. म्हणून दुभाष्यांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि नेमणूक या सगळ्यांत बहिरे परीक्षक हवेत, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते.

आपल्याकडे सोय काय आहे?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे, आणि दवाखान्याचा प्रत्येक भाग दिव्यांगांसाठी अडथळामुक्त असावा असेही आहे. पायऱ्यांच्या जागी रॅम्प बांधला की आपण अडथळा गेला असे समजतो. बहिऱ्या माणसाचा अडथळा डॉक्टरच्या टेबलापाशी सुरू होतो.

दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. त्यांच्या शब्दकोशात २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द झाले, त्यांत वैद्यकीय शब्दही आहेत. दुभाष्यांसाठी पदविका अभ्यासक्रम आहे, आणि सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका खास बहिऱ्या व्यक्तींसाठी आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून काम करते. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बहिऱ्या वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत उभ्या राहिल्या, त्या दिवशी त्यांच्याबरोबर सौरव रॉयचौधरी हे दुभाषी होते.

पण २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. त्यांतले सगळे सांकेतिक भाषा वापरत नाहीत हे खरे, तरी प्रशिक्षित दुभाषी गरजेच्या मानाने फारच थोडे आहेत, आणि बहिरे दुभाषी त्याहून थोडे. माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरला आज व्हिडिओ कॉल हाच त्यातल्या त्यात जवळचा मार्ग आहे.

तुम्ही काय करू शकता?

१. बहिऱ्या व्यक्तीला आधी विचारा: सोबत कोण हवे? बाईमाणसाला बाई दुभाषी हवी असू शकते. घरचे बाहेर थांबलेले हवे असतील तर राग मानू नका.

२. बोलताना बहिऱ्या माणसाकडे पाहून बोला, "तुम्हाला कधीपासून दुखते?" असे. दुभाष्याला "याला विचारा" म्हणू नका.

३. दुभाष्याने डॉक्टरच्या बाजूला, रुग्णाच्या समोर बसावे. चेहरा उजेडात हवा. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो.

४. लहान मुलांना दुभाषी करू नका.

५. मान हलली म्हणजे कळले असे धरू नका. "आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कशी घ्यायची?" असे विचारा. गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य, चंद्र, ताट अशी चित्रे काढून द्या.

६. दुभाषी कोणीही असो, सुरुवातीलाच गुप्ततेचे वचन घ्या, तेही रुग्णाच्या डोळ्यांसमोर.

७. भरती असताना सलाइन कोणत्या हाताला लावायचे ते विचारा. रुग्ण ज्या हाताने जास्त बोलतो तो हात मोकळा ठेवता आला तर ठेवावा. दोन्ही हात बांधले तर त्याचे तोंड बंद केल्यासारखेच आहे. हे सिस्टरांनाही सांगा.

८. छातीत दुखणे, अपघात, झटका अशा वेळी दुभाष्याची वाट पाहत थांबू नका. उपचार सुरू होऊ द्या, आणि दुभाष्याला त्याच वेळी फोन लावा.

९. चांगल्या दुभाष्याचा आणि शिकलेल्या बहिऱ्या मित्र-मैत्रिणीचा नंबर आजच घेऊन ठेवा. रात्री दोन वाजता तो शोधता येत नाही.

तुमच्या घरात, शेजारी किंवा शेतावर कामाला येणाऱ्यांत कोणी बहिरे असेल, तर हा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचवा. वाचता येत नसेल तर जमेल तसा समजावून सांगा. आणि माझ्याकडे किंवा कोणत्याही डॉक्टरकडे येताना आदल्या दिवशी फोन करून "रुग्ण बहिरा आहे, दुभाषी लागेल, वेळ जास्त लागेल" एवढे सांगा. तेवढी अर्ध्या तासाची जागा मी ओपीडीत नक्की ठेवीन.